संशय घ्यावा तो वाटेवर

वत्सलाताईंच्या घरी गेलं की "या, बसा" असं स्वागत व्हायचं नाही. जाळीच्या दारापलीकडे चष्मा चमकायचा आणि प्रश्न यायचा, "हात?" मग आपण मुकाट्यानं फाटकाजवळच्या नळाशी जायचं. तिथं दोरीला साबणाची वडी टांगलेली असायची. त्या वडीनं बोटांच्या बेचक्यांसकट हात धुवायचे आणि शाळेतल्या पोरीसारखे पुढे करून दाखवायचे. पुसायला टॉवेल मागितला तर मिळायचा नाही. "टॉवेल म्हणजे सगळ्या गल्लीची हजेरी. हवेत हलव, वाळतात." तर असे हात हलवत हलवत आम्ही बायका आत जायचो. इंदिरा नगरातल्या आमच्या गल्लीत कुणी नवीन भाडेकरू आला की हे बघून बिचकायचा. त्याला वाटायचं, हा काय पंथबिंथ आहे की काय.

मला तर पहिल्या भेटीत रागच आला होता. आमचे हे बँकेत. बदली होऊन अमरावतीहून थेट लखनौला येऊन पडलो. दिवसभर कानावर मराठी शब्द नाही. आपल्याच गल्लीत एक साताऱ्याच्या बाई राहतात, मोठ्या संशोधन संस्थेत आहेत, असं कळलं तेव्हा मी करंज्यांचा डबा घेऊन धावतच गेले. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "कधी केल्यास? झाकण गरम असताना लावलंस का?" मी म्हटलं, अहो बाई, करंज्या आहेत त्या, चोरीचा माल नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "गरम डब्याला झाकण लावलं की आत पाऊस पडतो. आणि पाऊस पडला की पीक येतं." मग तिथंच उभ्या उभ्या दोन करंज्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "सारण छान आहे. पुढच्या वेळी गार करून आण." पुढच्या वेळी! म्हणजे ही बाई मला परत बोलावतेय, हे मला घरी आल्यावर कळलं.

ताईंचा जन्म जंतूंमध्ये गेला. मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही, त्यामुळे त्या नेमकं काय करत ते मला सांगता यायचं नाही. पण सांडपाण्यात काय काय जगतं आणि ते माणसाच्या पोटापर्यंत कसं पोचतं, हे शोधायचं असं काहीसं ते काम होतं. नोकरी संपली, पण सवय कुठली सुटते! गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की चला, जंतूंना काही त्यांनी शेवटपर्यंत दाद दिली नाही.

त्या सगळ्यावर संशय घ्यायच्या. देवळात तीर्थ मिळालं तर तळहातावर घ्यायच्या, डोळ्यांना लावायच्या आणि बाहेर येऊन तुळशीच्या मुळाशी सोडायच्या. लग्नात पाण्याचा पेला आला की पेल्याकडे बघायच्याच नाहीत, आणणाऱ्याच्या अंगठ्याकडे बघायच्या. एकदा चिकनच्या भरतकामाचं कापड घ्यायला आम्ही दोघी अमीनाबादला गेलो होतो. मे महिना, वरून ऊन, खालून गर्दी, जीव नुसता कासावीस झालेला. दुकानदार मोठा अदबीचा. म्हणाला, "बहनजी, शरबत लीजिए, ख़ास आपके लिए मँगवाया है।" पोऱ्यानं चार ग्लास एकाच पंज्यात धरून आणले होते, प्रत्येक ग्लासात एकेक बोट. मी हात पुढे केला तर ताईंनी मला पायानं ढोसलं. दुकानदाराला म्हणाल्या, "भाईसाहब, शरबत तो अच्छा है, पर इसमें चार उँगलियाँ पहले ही पी चुकी हैं।" मला वाटलं, झालं, आता कापड मिळत नाही. पण तो असा हसला, असा हसला! नवीन बाटली फोडून दिली आणि भावातही कमी केलं. येताना रिक्षात मी म्हटलं, "ताई, माणसं दुखावतात अशानं." त्या म्हणाल्या, "तो कुठं दुखावला? मी त्याच्यावर संशय घेतलाच नाही, शोभा. बोटावर घेतला. संशय घ्यावा तो वाटेवर, माणसावर घेऊ नये. जंतूला पाय नसतात. कुणीतरी उचलून नेतं, तेव्हाच तो पोचतो. कशावर बसून गेला, तेवढं बघायचं."

हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन. पण खरं सांगू? तेव्हा मला ते नुसतं हुशार बायका बोलतात तसलं बोलणं वाटलं होतं.

डेंग्यूच्या दिवसांत तर त्यांच्या अंगात यायचं. भर दुपारी, लोक पडलेले असताना, टॉर्च घेऊन गल्लीत निघायच्या. कुणाच्याही मागच्या अंगणात शिरून कूलरची जाळी वर करायची, आत टॉर्च मारायचा. "हा मच्छर मोठा साहेब आहे. गटाराचं पाणी त्याला चालत नाही, स्वच्छ लागतं. आणि चावायलाही दिवसाच येतो." शेजारच्या मिश्राजींनी पक्ष्यांसाठी भिंतीवर मातीच्या परळांत पाणी ठेवलं होतं. ताईंनी एकेक परळ उपडा केला. मिश्राजी बनियनवर धावत आले. "अरे डाक्टर दीदी, पुण्य का काम है ये!" ताई म्हणाल्या, "पुण्य रोज़ सुबह ताज़ा भरिए। हफ़्ते भर के पुण्य में कीड़े पड़ गए हैं।" खरंच परळात अळ्या वळवळत होत्या.

हे मिश्राजी म्हणजे आमच्या मोहल्ला समितीचे अध्यक्ष. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, पहाटे उठून दंडबैठका काढणारे, सत्तरीतही ताठ. ताईंवर त्यांचा फार विश्वास. घरात कुणी शिंकलं तरी "डाक्टर दीदी से पूछ लो" म्हणायचे. त्यांची सून रुची हसरी, जरा भित्री. ताईंसमोर आली की आपोआप हात मागे लपवायची. धुतलेले असले तरी.

कोरोनाच्या वेळचंही सांगायला हवं, नाहीतर ताई नुसत्या तिरसट वाटतील. तेव्हा आम्ही सगळे दुधाच्या पिशव्या साबणानं धूत होतो, भाजी उन्हात वाळवत होतो. ताई गच्चीवरून ओरडायच्या, "पिशव्या सोडा, खिडक्या उघडा! तोंड झाका!" कुणी ऐकत नव्हतं. गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या जोडप्याला झाला. मग काय, लोकांनी त्यांच्या फाटकासमोरून जाणंच सोडलं. पलीकडच्या फुटपाथवरून, मान वळवून जायचे. भाजीवाल्यालाही सांगून ठेवलं, त्यांच्याकडे थांबू नको. आणि सगळ्यात संशयी असलेल्या आमच्या ताईंनी काय करावं? प्लास्टिकची खुर्ची उचलली, मास्क लावला, हवा कुठून कुठं वाहतेय ते पदर धरून बघितलं आणि त्या फाटकापासून चांगल्या लांब, मोकळ्यावर बसल्या. रोज सकाळी. तिथून मोठमोठ्यानं त्या दोघांशी गप्पा. आज काय खाल्लं, बोटाला लावायच्या यंत्रात आकडा किती आला, मुलाचा फोन आला का. मी विचारलं तर म्हणाल्या, "हवेनं येतो तो. मग हवेलाच भ्यावं. म्हातारीला कशाला भ्यायचं?"

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगावी की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. पण ताईंबद्दल लिहायचं आणि ती गाळायची, तर ताईच वरून विचारतील, झाकण का लावलंस म्हणून.

नवरा गेल्यावरही ताईंनी चैत्रातलं हळदीकुंकू बंद केलं नव्हतं. कुणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, "जंतू सवाष्ण-विधवा बघत नाहीत, मी कशाला बघू?" गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं असायचं. तोवर आसपासची धरून आम्ही दहा-बारा मराठी घरं झालो होतो, बाकी सगळ्या इथल्याच. चैत्रगौर मांडायची, पन्हं, आंब्याची डाळ आणि निघताना भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी. पन्ह्याचं पाणी ताई स्वतः उकळायच्या, गार करायच्या, झाकायच्या. त्यावर्षी रुचीला दिवस गेले होते. ताईंनी तिची ओटी भरताना दोन मुठी जास्त घातल्या. "दोघांचं," म्हणाल्या. रुची लाजली.

त्यानंतर महिना-सव्वा महिन्यानं गल्लीत कावीळ आली. लू, म्हणजे इथला उन्हाळ्यातला कढत वारा, वाहायला लागली होती. आधी दोन मुलं पिवळी झाली, मग कुणाची सासू, कुणाची लेक. मग रुची. आणि त्याच आठवड्यात खुद्द मिश्राजी. मुलं घरच्या घरी बरी होत होती, पण रुचीला इस्पितळात न्यावं लागलं. पोटुशीला ही कावीळ वाईट, असं ताई मला दबक्या आवाजात म्हणाल्या.  किती वाईट, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

गल्लीला गुन्हेगार लगेच सापडला. कोपऱ्यावर बब्बू बताशे विकायचा. पाणीपुरीला लखनौत 'पानी के बताशे' म्हणतात. जेमतेम वर्षभरापूर्वी कुठून तरी आलेला, तोंडाचा गोड, हात कोपरापर्यंत मटक्यात. गल्लीतली सगळी पोरं, सगळ्या बायका त्याच्याकडे खाणाऱ्या. आणखी काय पुरावा पाहिजे? "बाहर का है, पता नहीं किस नाले का पानी भर लाता है," असं जो तो म्हणायला लागला. बाहेरचे म्हटलं तर आम्हीही बाहेरचेच, पण ते तेव्हा कुणाला आठवणार! दोन जवान पोरांनी जाऊन त्याचा मटका उलटवला. रविवारी सकाळी पार्कात समितीची सभा ठरली. बब्बूला कायमचा उठवायचा. बब्बूची बायको दोन लेकरं घेऊन दारोदार हात जोडत फिरली. दारं उघडलीच नाहीत कुणी.

आणि मग हळूच दुसरी कुजबूज सुरू झाली. भाजीच्या गाड्यावर माझ्याच कानावर आली. "मराठी लोगों को क्यों नहीं हुआ? एक को भी नहीं।" बघा म्हणजे. संशय हा असा उंदरासारखा एका बिळातून दुसऱ्या बिळात.

ताई मात्र घरोघर फिरत होत्या. प्रत्येकाला विचारायच्या, कधी पिवळं दिसलं, महिन्याभरापूर्वी कुठं गेलात, काय खाल्लंत. लोक वैतागायचे. महिन्याभरापूर्वीचं कुणाला आठवतं? ताई म्हणायच्या, "कावीळ कालच्या घासानं होत नाही. आत येऊन महिनाभर मुकाट बसते, मग बाहेर पडते. आणि लोक कालचा चोर धरतात." अंगणात त्यांनी खडूनं सगळी गल्ली काढली, आजारी घरांवर फुल्या मारल्या. मी बघितलं तर फुल्या कशाही. इथं एक, तिथं एक, मधली घरं कोरी. ताई त्या अंगणात स्टूल टाकून बसून राहायच्या. कुणी येऊन खडूवर पाय दिला तर ओरडायच्या.

एक दिवस मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, "शोभा, यात पुरुष का नाहीत गं? बब्बूकडे ऑफिसातून येणारे पुरुष तर ताटकळून खातात. त्यांना काही नाही. बायका, पोरं आणि एकटे मिश्राजी."

"मिश्राजी कुठले बताशे खातात!" मी म्हटलं. "ते ठेल्यावरच्या चहालासुद्धा शिवत नाहीत."

ताईंनी कप खाली ठेवला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. असं कुणी आपल्याकडे बघितलं की आपण काही चोरलंय का, ते आपण आठवायला लागतो.

"बायका आणि पोरं एकत्र कुठं जमली होती?" त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "शोभा, माझ्याकडचे हरभरे तू काय केलेस?"

"काय करणार? उसळ."

"शिजवलेस."

"अहो, उसळ शिजवल्याशिवाय कशी होईल?"

"आणि रुची काय करते हरभऱ्यांचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पडला नसता तर बरं झालं असतं असंही वाटलं. इथली माणसं भिजवलेले चणे कच्चेच खातात. मीठ-लिंबू लावून. मुलं येताजाता तोंडात टाकतात. आणि मिश्राजी तर दंडबैठकांनंतर मूठभर चणे आलं लावून चावतात, लहानपणापासून. आपल्याकडे हरभरा भिजला की तो शिजणारच. ताईंच्या मनात दुसरं आलंच नाही. पन्ह्याला उकळलेलं पाणी आणि हरभरे भिजत घालायला नळाचं. ताईंची तर कवळी, त्यांनी स्वतः दाणा तोंडात घातला नव्हता.

"मी धरून चालले," ताई म्हणाल्या. "जगभराला सांगत फिरले, काही धरून चालू नका. आणि मी धरून चालले की शिजवतील."

त्यांच्याकडे औषध घातलेल्या छोट्या बाटल्या असायच्या. पाणी भरून उबेत ठेवायचं. मैल्याचा अंश असला तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. आजवर त्यांनी अख्ख्या गल्लीचं पाणी त्यात भरलं होतं, स्वतःच्या नळाचं फार दिवसांत भरलं नव्हतं. ते भरलं. बब्बूकडचंही भरलं. बब्बूची बाटली तशीच राहिली. ताईंची शाईसारखी झाली.

ही बाटली त्यांनी आमच्याकडे आणून टेबलावर ठेवली. आमचे हे फार शांत माणूस, पण त्या दिवशी कळवळून बोलले. "ताई, पाइप गुपचूप बदलून टाका. कुणाला काही कळणार नाही. बब्बूला दुसरा कोपरा मिळेल हो. तुम्हाला दुसरं नाव कुठून मिळेल? आणि मिश्राजींची सून अजून इस्पितळात आहे. तिचं काही बरंवाईट झालं तर?"

ताई म्हणाल्या, "बब्बू गेला की सगळे निवांत होतील. आणि नाल्यांतून गेलेले बाकीचे पाइप तसेच राहतील. पुढच्या वर्षी कोण?"

"पण तुम्ही—"

"तिची ओटी मी भरली, भाऊ. माझ्या हातानं."



रविवारी पार्कात निंबाखाली खुर्च्या टाकल्या होत्या. बब्बू एका बाजूला उभा, गमछा मुठीत पिळत. मिश्राजी अशक्त झाले होते तरी आले होते, डोळे हळदीसारखे. ते म्हणाले, "मेरी बहू ज़िंदगी और मौत के बीच पड़ी है। ये आदमी यहाँ नहीं रहेगा, बस।" लोकांनी माना हलवल्या.

ताई उठल्या. "मिश्राजी, आपने इसके बताशे कभी खाए?"

"हम? हम ठेले का छूते नहीं, आप जानती हैं।"

"तो आपकी आँखें पीली कैसे हुईं?"

"बहू से लगा होगा।"

"बहू और आप एक ही हफ़्ते में पीले हुए। उससे आपको लगता तो महीना भर बाद दिखता। आप दोनों ने एक ही समय, एक ही चीज़ खाई है।" मग ताईंनी विचारलं, "चैत में रुची मेरे यहाँ से चने लाई थी?"

"लाई थी। बहुत सारे थे। उसने भी खाए, सुबह हमने भी..." आणि मिश्राजी बोलता बोलता थांबले.

"वो चने मैंने अपने नल के पानी में भिगोए थे। उस पानी की जाँच मैंने की है। ख़राब है। बब्बू का पानी ठीक है। जिन-जिन के यहाँ पीलिया हुआ, सब मेरे घर आए थे। मराठी घरों में चने पका लिए गए, इसलिए वो बच गए।"

 मग मागून एकजण म्हणाला, "अरे, डाक्टर दीदी उसको बचाने के लिए कह रही हैं। बड़ा दिल है।" आणखी दोघा-तिघांनी तीच री ओढली. बघा, खरं सांगितलं तर त्याच्यावरही संशय! ताई एकदम तडकल्या. "दिल-विल कुछ नहीं। चलिए, मेरे फाटक पर खोदिए।"

आणि खरंच खणलं. प्लंबर आला, अर्धी गल्ली भोवती उभी. ताईंच्या घराचा नळाचा पाइप नालीच्या पोटातून गेलेला निघाला, आणि गंजून त्याला करंगळी जाईल एवढं भोक. ताईंनी सगळ्यांना वाकून बघायला लावलं. मग टुल्लू पंपावर हात ठेवला. टुल्लू म्हणजे पाणी खेचायचा छोटा पंप, नळाच्या लाइनीलाच जोडतात, इथं घरोघर असतो. "पाणी नसताना हा चालू केला की हा खेचतो. वरून पाणी मिळालं नाही तर भोकातून नाली खेचतो. माझ्याकडे खेचली. तुमच्या टाक्यांकडे कोणता पाइप कुठून जातो, बघितलंय कुणी?" हे त्यांनी हिंदीतच सांगितलं, पण मला मराठीतच आठवतं. लोक आपापल्या नालीकडे बघायला लागले.

मिश्राजी तेवढे खड्ड्यापाशी आले नाहीत. पलीकडे काठीवर भार देऊन उभे होते. ताई त्यांच्याकडे गेल्या.  मग मिश्राजी म्हणाले, "दीदी, आप तो डाक्टर थीं।" एवढंच. आणि घरी गेले.

रुची वाचली. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, पण दोघी वाचल्या. ताईंना ते दूधवाल्याकडून कळलं.

गल्लीतल्या बऱ्याच जणांनी नालीतले पाइप बदलून घेतले, काहींनी टुल्लूही काढला. ताईंनी तर काढलाच. मग थेंब थेंब पाणी बादलीत धरत बसायच्या, पण परत लावला नाही. मात्र त्यांच्या घरचं कुणी खाईना. दिवाळीला त्यांनी पाठवलेलं चकलीचं ताट एका घरातून गाईपुढे गेलं, ते त्यांनी स्वतः गच्चीवरून बघितलं. मी चिडले तर मलाच म्हणाल्या, "बरोबर केलं तिनं. मीच तर शिकवलं." पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

बब्बू कोपऱ्यावर राहिला. आता ताई त्याच्या मागे हात धुऊन लागल्या. पाणी उकळ, मटक्याला झाकण लाव, हात आत घालू नको, पळी घे. तो कुरकुरायचा, "अम्मा, करछुल से बताशा फूट जाता है।" एकदा मी बरोबर असताना त्यानं द्रोण पुढे केला. "अम्मा, आज तो खा लीजिए मेरे हाथ का। आपने मेरी रोज़ी बचाई।"

"नहीं।"

"अब भी शक है? मुझ पर?"

"तुझ पर नहीं रे। तेरे पुदीने पर। कहाँ धोया?"

बब्बूनं कपाळाला हात लावला.

पुढच्या चैत्रात ताईंनी पुन्हा हळदीकुंकू ठेवलं. मी म्हटलं, कशाला? या वर्षी राहू दे. त्यांनी ऐकलं नाही, सगळ्यांच्या घरी स्वतः जाऊन बोलावणं केलं. मिश्राजींच्या घरी सुद्धा. दार उघडलं गेलं नाही, तर जाळीतून आत बोलावणं सांगून आल्या.

दुपारपासून गौर मांडून, ताटं झाकून आम्ही बसलो. आम्ही मराठी बायका तेवढ्या आलो. त्यातल्या दोघींनी पन्हं ओठाला लावून ठेवून दिलं, मी बघितलं, ताईंनीही बघितलं. बोलणं जुळत नव्हतं. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी गौरीचा मोगरा सारखा करत होतं. ताई उगाच दारापाशी जाऊन येत होत्या. ऊन उतरायला लागलं तेव्हा फाटक वाजलं.

रुची होती. कडेवर लेक. बारीक झाली होती, डोळे मोठे दिसत होते. आत आली, गौरीला नमस्कार केला. ताईंनी तिला हळदीकुंकू लावलं. कुंकू जरा कपाळावर सांडलं. मग सवयीनं त्या ओटी भरायला हरभरे घेऊन वाकल्या, तर रुचीनं पदर मागे घेतला.

"दीदी," ती म्हणाली. आवाज लहान, पण नजर सरळ. "पानी कौन सा है?"

आम्ही सगळ्या गार. यजमानणीला तिच्या घरात, गौरीसमोर असं विचारायचं! माझ्या शेजारच्या बाईनं तर "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला.

ताई वाकलेल्या होत्या त्या तशाच राहिल्या. मग सरळ झाल्या आणि रुचीकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं, आता रडतात. पण नाही. चेहरा उजळत गेला. त्यांना बक्षिसं मिळाली, शाली मिळाल्या, तेव्हा मी समोर होते. तेव्हा नव्हत्या त्या अशा दिसल्या.

"उबाला हुआ है," त्या म्हणाल्या. "पर मेरे कहने पर मत मान। चल, अंदर चल।"

रुचीनं लेकीला माझ्या मांडीवर दिलं आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मला दारातून दिसत होत्या. ताई पातेलं दाखवत होत्या, रुची एकेक विचारत होती. कितना उबाला, किसमें रखा, ढका किससे, भिगोने से पहले बर्तन किस पानी से धोया. शेवटच्या प्रश्नाला ताई अडखळल्या. थोडा विचार केला आणि मग मोकळ्या मनानं म्हणाल्या, "ये तो मैंने नहीं देखा।"

"तो मैं घर जाकर पकाऊँगी," रुची म्हणाली.

"पका," ताई म्हणाल्या. "अच्छे से पका।"

तेव्हा रुचीनं पदर पुढे केला.